शेवटून दुसरी

नाही हो वहिनी, पडले-बिडले नाही. मांड्या धरल्यात फक्त. काल पहाटे कळसूबाईच्या माथ्यावर होते आणि आज कुंपणाशी तुमच्यासमोर उभी आहे, एवढंच. चढताना काही होत नाही बरं का, सगळी वसुली उतरताना होते. आधी हा कढीपत्ता धरा. फांदी तुमच्याच बाजूला झुकलीय. हे छाटायला निघाले होते, म्हटलं वहिनींना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

— कळसूबाई म्हणजे ती सगळ्यात उंच ना? ह्या वयात? आणि रात्रीची म्हणे!

तीच. १६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याच्यावर पाय ठेवायला जागा नाही. रात्रीची म्हणजे काय, दहाला शिवाजीनगरहून बस. मग नाशिक फाटा, भोसरी, असं एकेकाला वेचत जायचं. प्रत्येक थांब्यावर एक तरी महाभाग 'दोन मिनिटांत आलो' म्हणून अर्धा तास लावतोच. आळेफाट्याला मध्यरात्री चहा, मग संगमनेर, अकोले, राजूर करत पहाटे तीनच्या सुमाराला बारी गावात. हजार-बाराशे रुपयांत बस, नाश्ता, जेवण आणि पन्नास अनोळखी माणसं. घरबसल्या मालिका बघण्यापेक्षा स्वस्त पडतं हो. आणि इथे जाहिराती नाहीत.

हसू नका. खरं सांगते, मी डोंगरासाठी जाते तेवढीच माणसांसाठीही जाते. उतरल्याउतरल्या ओळखपरेड असते. अंधारात गोल करून उभं राहायचं, तोंडावर बॅटरी मारून घ्यायची आणि नाव, गाव, काय करता ते सांगायचं. त्यातच निम्मं कळतं. घड्याळाकडे बघत नाव सांगणारा पुढे पळणार. 'मी आधी हिमालयात जाऊन आलेय' म्हणणारीची सॅक तासाभरात दुसऱ्याच्या पाठीवर जाणार. आणि काही न बोलणारा, जुनाट विजार घातलेला एखादा असतो ना, तो शेवटी सगळ्यांना हात देऊन वर ओढत असतो.

मी मात्र ठरवून मागे चालते. पुढे एक लीडर असतो, तो वाट दाखवतो. सगळ्यात शेवटी एक पोरगा असतो, त्याला स्वीप म्हणतात. कोणी मागे राहू नये हे बघायचं त्याचं काम. त्याच्या पुढची मी. शेवटून दुसरी. ही जागा मी कोणाला देत नाही. अहो, ट्रेकची सगळी बित्तंबातमी त्या पोराकडे असते! कोणाचा बूट फाटला, कोण रुसलं, कोणी कोणाला पाणी नाकारलं, सगळं घरंगळत मागेच येतं.

— म्हणजे तिथेही तुमचं हेच!

मग? तुम्ही ऐकायचं थांबवलंत की मी सांगायचं थांबवीन.

तर ते दोघे. लग्न ठरलेलं. साखरपुडा दिवाळीच्या आधीच झाला म्हणे. मुलगी बारीक चणीची, पण काय चालते! मुलाकडे सॅकमध्ये काय असेल? दोन पॉवरबँक, अत्तराची बाटली, आणि पाणी एकच लिटर. पहिल्या पठारापर्यंत ते संपलं. मग तिचं संपवलं. शिड्यांपाशी पोचेस्तोवर तिच्या पाठीवर दोन सॅक, आणि हा रिकाम्या हातांनी तिला सांगतोय, 'अगं, श्वास नाकाने घे.' वर गेल्यावर फोटो मात्र तिला कडेला उभं करून. उतरताना ती त्या जुनाट विजारवाल्याशी बोलत बोलत बरीच पुढे निघून गेली होती. मी काही म्हणत नाही. पण माझं मत विचाराल तर पत्रिका बघायच्या आधी दोघांना एक रात्रीचा ट्रेक करायला लावावा. छत्तीस गुण चार तासांत कळतात. आणि हे आपल्या दोघींत हं. मुलाची मावशी इथेच कर्वे रस्त्याला राहते.

— बरं, ते अत्तर कशाला?

बघा, तुम्हालाही सुचलं नाही ना! डोंगरात अत्तर, परफ्यूम काही लावायचं नसतं. कड्याला आग्यामोहोळं लटकलेली असतात. उग्र वासाने, धुराने माश्या उठतात, आणि उठल्या की पळायला शिडी रिकामी नसते. लीडरने बाटली काढून स्वतःच्या खिशात टाकली, तेव्हा कुठे गप्प बसला.

आणि त्या घोषणा! पहाटे साडेतीनला, अख्खं गाव झोपलेलं असताना 'हर हर महादेव'. कुत्री उठली, कोंबडे उठले, एका घरात तान्हं मूल रडायला लागलं. मी त्या पोरांना म्हटलं, बाळांनो, १६७० साली तानाजी असा बोंबलत कोंढाणा चढला असता, तर तो मिळाला असता का? एकाने मान खाली घातली. दुसऱ्याने स्पीकर काढला. स्पीकर हो, डोंगरात! त्यात डीजेचं गाणं. स्वीपच्या पोराने पुढे जाऊन हळूच बंद केला. तेवढ्या वेळात शेवटून पहिली मीच होते.

— शिड्यांची भीती नाही वाटली?

लोखंडी आहेत हो, कठड्याच्या. तीन-चार ठिकाणी आहेत, जिथे उभा कातळ आहे तिथे. दिवसा नुसत्या पायऱ्या वाटतील. पण डिसेंबरच्या पहाटे कठडा इतका गार असतो की तळहात चिकटतोय असं वाटतं, आणि दवाने पायऱ्या ओल्या. खरी भीती शिडीची नसते, शिडीवरच्या गर्दीची असते. शनिवार-रविवार दहा-बारा ग्रुप येतात, मुंबईचे, नाशिकचे, पुण्याचे. आधीच जाऊन आलेले काही खाली येतात, आपण वर जातोय, शिडी एकच. मध्येच एकीच्या पायात गोळा आला. ती हलेना. खालून 'चला, चला', वरून 'थांबा, थांबा'. आपल्या स्वारगेटच्या स्टँडला गणपतीच्या आदल्या दिवशी कोकणची एसटी लागते ना, तसं दृश्य, फक्त उभं केलेलं. पाऊण तास. त्या वेळात डोंबिवलीच्या एका बाईंनी पाठीवरच्या पिशवीतून दशम्या आणि दाण्याची चटणी काढून वरच्या-खालच्या चार-चार पायऱ्यांना वाटली. त्या दशमीच्या मोबदल्यात प्रत्येकाचा पगार, नोकरी, लग्नाचं काय चाललंय, सगळं काढून घेतलं. मीसुद्धा त्यांच्यापुढे हात टेकले.

आता मागे चालण्याचा फायदा ऐका. पुढची मंडळी धावत-धापत पाचलाच माथ्यावर. डिसेंबरात सूर्य पावणेसात-सातला. माथ्यावर आडोसा काय, तर देवीचं इवलंसं देऊळ. वारा असा की उभं राहू देईना. घाम गार पडला की हुडहुडी कशी भरते, ते कॅलरी मोजणाऱ्या त्या घड्याळवाल्याला विचारा. दोन तास ते सगळे एकमेकांना चिकटून सूर्याला शिव्या घालत बसले होते. आम्ही मागचे पाच-सहा जण तोवर खाली एका झोपडीत चुलीशी.

बारीचीच बाई. झोपडी म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री. पाण्याचे हंडे, दूध, लाकडं, सगळं डोक्यावरून वर आणते. चुलीवर कोरा चहा उकळत होता आणि शेजारी नागलीची भाकरी. थापताना तिचा हात बघत राहावं. पोळपाट नाही, परात नाही. पीठ तळहातावर घेतलं आणि दोन्ही हातांत फिरवत फिरवत वाढवत नेलं. एकाच बाजूने अंगठ्याची कड दाबत जायची, की भाकरी आपोआप वळते. कडा कुठे चिरली नाही. तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला, आणि तिसऱ्या श्वासाला वास. आमच्यातला एक जण, उशिरा आलेला पण तोरा पुढच्यांचा, म्हणाला, 'मावशी, खाली दहाला चहा आहे, वर वीसला कसा?' ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, 'मंग खालीच पिऊन ये की दादा. मी हाय इथंच.' वहिनी, तो गप्प झाला आणि त्याने दोन प्यायले.

— वा! छानच जिरवली!

त्याच अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे ना हो, बीजमाता, देशी वाणांची बियाणं जपणाऱ्या. पद्मश्री मिळाली त्यांना. त्या मातीतल्या बायका अशाच दिसतात. बोलायला कमी, पण बोलल्या की पाणी मागायला नको.

त्या चहावालीनेच देवीची गोष्ट सांगितली. ऐका, तुम्हाला आवडेल. कळसू म्हणून एक मुलगी होती. पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी काय सांगाल ते. पाटलाने कबूल केलं. पुढे एकदा घरात पाहुणेरावळे फार झाले, आणि तिला भांडी घासायला बसवलं. तिने ती एका ठिकाणी घासली. त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, अजून दाखवतात. तिथून उठली ती सरळ डोंगर चढून गेली, परत आलीच नाही. वर बसली ती कळसूबाई. नवरात्रात मोठी यात्रा भरते, आसपासच्या वाड्यांतल्या बायका नऊ-नऊ दिवस तिथे चढून जातात.

— अगं बाई! म्हणजे 'भांडी जमणार नाहीत' सांगणारी आपली सुमनबाई काही पहिली नाही!

तेच माझ्या मनात आलं! मी त्या बाईला म्हटलं, आमच्या पुण्यातही अशा देवी दर सोसायटीला दोन-दोन आहेत. ती इतकी हसली की भाकरी करपता करपता वाचली. पण सुमनबाईंना हे सांगू नका, उद्या डोंगरावर जाऊन बसतील.

मग आम्ही निवांत निघालो. माथ्यावर पाऊल टाकलं आणि पूर्व तांबडी झाली. आमचं नशीब म्हणा, नाहीतर चहावालीला रोजची वेळ ठाऊक होती म्हणा. उजाडल्यावर एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे अलंग, मदन, कुलंग ओळीने, रतनगडाच्या कड्याचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. पुढचे लोक मात्र तोवर बधिर. 'झालं ना बघून, चला उतरू' म्हणायला लागले. एवढ्या लांब येऊन निम्मे कठड्याला पाठ टेकून झोपले होते, सांगते.

— आणि एक विचारू? म्हणजे, बाथरूमचं काय करता?

विचारा हो, कोणी विचारत नाही म्हणूनच सगळ्या बायका पाणी पीत नाहीत आणि मग शिडीवर पायात गोळे येतात. बारीत घरोघरी पाच-दहा रुपयांत व्यवस्था होते. वर काहीच नाही. आम्ही जोडीने जातो, एक छत्री उघडून धरते. त्या डोंबिवलीच्या बाईंनी तर ओढणी शिवून तिला इलॅस्टिक लावून आणलं होतं, गळ्यात घातलं की गुडघ्यापर्यंत तंबू! मी आल्याआल्या तसं शिवायला टाकलंय. पाणी मात्र प्यायचंच. मीठ-साखर घालून, घोट घोट.

हे आपल्या डोंगरांचं झालं. तुमचा मुलगा हिमालयात केदारकंठाला जाऊन आला ना गेल्या वर्षी? तिथले नियम वेगळे. उंचीवर भरभर चढलं की डोकं धरतं, मळमळतं. दिवसा वर जाऊन यायचं आणि रात्री खाली झोपायचं, असं शिकवतात. मी संदकफूला गेले होते तेव्हा कळलं. बंगालमधली ती सगळ्यात उंच जागा, ३६३६ मीटर. मानेभंजनपासून वाट भारत-नेपाळच्या सरहद्दीवरून जाते. डाव्या पायाने नेपाळ, उजव्याने भारत, आणि मध्ये कुंपण नाही. तुमलिंगला मुक्काम, ते नेपाळात. तिथल्या घरमालकिणीला आमच्या ग्रुपने काय पिडलं म्हणता! कोणी मेतकूट काढलं, कोणी तूप, ठाण्याच्या एका गृहस्थांना पोह्यात शेंगदाणे का नाहीत म्हणून राग आला. हिमालयात शेंगदाणे, वहिनी! ती माउली दुसऱ्या दिवशी कुठूनसे दाणे भाजून घेऊन आली. तेव्हा मात्र ते गृहस्थ वरमले.

पण तिथली खरी गंमत लँड रोव्हरची. १९५० च्या सुमाराच्या जुन्या जीपगाड्या त्या दगडी वाटेवर अजून चालतात. आमची पळणारी पोरं छाती फुटेस्तोवर चालून वर पोचली, तर तिथे आधीच कलकत्त्याची दोन आजी-आजोबांची जोडपी शाली पांघरून चहा पीत बसलेली. जीपने आली होती! आणि समोर कांचनगंगा. डावीकडे लांब एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. जगातल्या पाच सर्वांत उंच शिखरांपैकी चार एका जागेवरून. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. एक जण म्हणाला, 'हे चीटिंग आहे.' मी म्हटलं, बाळा, कांचनगंगेने तुझी हजेरी घेतली का? मी सगळ्यांच्या मागून, बुरांशाची लाल झाडं बघत बघत आले होते. मला त्या आजींनी नारळाचे लाडू दिले.  फार छान.

पुढच्या पावसाळ्यानंतर हरिश्चंद्रगड ठरतोय. पाचनईकडून, सोपी वाट. खिरेश्वरकडून तोलार खिंडीतून लांब पडतं, आणि नळीची वाट आपल्यासाठी नाहीच, ते दोरवाल्यांचं काम. केदारेश्वराच्या लेण्यात गार पाण्यात पिंडी आहे, भोवती चार खांब, त्यातला एकच धड उभा. आणि कोकणकडा. तिथे इंद्रवज्र दिसतं कधीमधी, गोल इंद्रधनुष्य. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने १८३५ मध्ये नोंदवून ठेवलंय. सकाळी सूर्य पाठीशी हवा आणि कड्याखाली कोकणात धुकं. मग त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि डोक्याभोवती रंगीत कडं. मौज काय आहे माहितीय? प्रत्येकाला ते आपल्याच डोक्याभोवती दिसतं. शेजारच्याचं दिसत नाही. मागे एकदा तिथे चाळीस जणांत वाद लागला, मध्ये कोण आहे म्हणून! प्रत्येक जण म्हणे मीच. ग्रुप ट्रेक म्हणजे काय ते तिथे बघून घ्यावं.

— हे मात्र भारी आहे. पण काही बरंवाईट झालं तर हो?

होतं की. चुकतात, घसरतात, पावसात ओढा फुगतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं मध्यरात्री दोर घेऊन जातात शोधायला, पदरमोड करून. आणि ज्यांना शोधतात ते बहुतेक 'आम्हाला वाट माहितीय' म्हणत पुढे गेलेलेच असतात. तो घड्याळवाला कालही उतरताना ढोरवाटेला लागला. गुरांची वाट माणसाच्या वाटेसारखीच दिसते, फक्त ती पाण्यापाशी संपते. अर्ध्या तासाने वाडीतला एक म्हातारबाबा त्याला काठीने हाकत घेऊन आला. मग बसमध्ये शेवटच्या बाकावर, कोणाशी बोलेना.

— मलाही यावंसं वाटतंय हो. पण हे म्हणतात, रायगडला रोपवे आहे, त्याने जाऊन येऊ.

जा की रोपवेने, रायगड बघायला काही हरकत नाही. पण त्यात मागे कोण राहणार आणि गप्पा काय ऐकणार? चार मिनिटांत वर. राजगड म्हणत असाल तर आत्ताच नको. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने बारा किल्ले वारशात घेतले, त्यात तोही आहे. तेव्हापासून सुट्टीला गुंजवण्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. आधी सिंहगड करू. आतकरवाडीतून, पायवाटेने. गाडीने अजिबात नाही. मंगळवारी जाऊ, रविवारी वर आख्खं पुणं असतं. वर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, कांदाभजी, आणि भजी खाऊन उतरायचं नाही, आधी उतरायचं.

— म्हणजे वर जाऊन भजी नाहीत?

दोन. दोन चालतील. तुमच्या ह्यांनाही घ्या. त्यांना पुढे चालू दे, त्यांना आवडेल. आपण मागून येऊ, तुम्हाला त्या कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या वाटणीचं काय झालं तेही सांगायचंय, ते इथे नको, भिंतीला कान आहेत.

आणि हे पांढरे कॅनव्हासचे घालून येऊ नका हं. ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घ्या. आपल्या डोंगरात सगळे तेच घालतात, स्वस्त आहेत आणि कातळावर पकड घेतात. एक नंबर मोठा घ्यायचा, उतरताना अंगठा पुढे आपटतो आणि नख काळं पडतं. किती नंबर लागतो तुम्हाला?

— पाच.

मग सहाचा घ्या. आणि मोजे जाड, सुती नकोत.